बाळाला अंडं सोसत नाही: नेमकं काय टाळायचं, किती आणि कधीपर्यंत

आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदा अंडं भरवलं जातं. पंधरा-वीस मिनिटांत तोंडाभोवती लाल चट्टे उमटतात, पोटावर गांधी उठतात, एखादी उलटीही होते. तासा-दोन तासांत सगळं ओसरतं. मग काही घरांत "उष्ण पडलं, पित्त उठलं" म्हणून आमसुलाचं पाणी लावलं जातं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा अंडं दिलं जातं. दुसऱ्या काही घरांत त्या दिवसापासून अंडं, केक, चिकन, अगदी गोवराची लससुद्धा बंद होते आणि पाच-सहा वर्षं कुणी पुन्हा चौकशीच करत नाही. पहिल्या घरातल्या मुलाला खरा धोका आहे. दुसऱ्या घरातलं मूल विनाकारण बऱ्याच गोष्टींना मुकतं.

म्हणून या लेखाचा भर एकाच गोष्टीवर आहे. तुमच्या मुलाला अंड्याचं कोणतं रूप, किती प्रमाणात आणि किती जोरात बाधतं ते शोधा, तेवढंच टाळा, आणि दरवर्षी ते नव्याने तपासून घ्या.

अंड्यातलं काय बाधतं

ॲलर्जी होते ती अंड्यातल्या प्रथिनांची, आणि त्यांतली महत्त्वाची प्रथिनं पांढऱ्या भागात असतात. पांढऱ्यातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त वाटा ओव्हाल्ब्युमिनचा असतो. हे प्रथिन उष्णतेने आपला आकार बदलतं, त्यामुळे नीट भाजल्यावर बऱ्याच मुलांचं शरीर त्याला ओळखत नाही. ओव्होम्युकॉइड मात्र प्रमाणाने बरंच कमी, साधारण ११ टक्के, तरी फार चिवट. उकळलं तरी ते बऱ्यापैकी टिकतं. ज्या मुलांची ॲलर्जी मुख्यतः ओव्होम्युकॉइडची असते, त्यांना केकमधलं अंडंही बाधण्याची शक्यता जास्त असते आणि त्यांची ॲलर्जी रेंगाळते.

"मग नुसता बलक देऊ का?" हा प्रश्न हमखास येतो. देऊ नका. घरी कितीही जपून वेगळा केला तरी बलकाला पांढरा भाग चिकटलेला राहतोच. गावठी अंड्यानेही काही साधत नाही, प्रथिनं तीच असतात. बदकाची आणि लाव्याची अंडी पुष्कळदा तशीच बाधतात. कोंबडीचं मांस मात्र अंड्याची ॲलर्जी असलेल्या जवळपास सगळ्या मुलांना चालतं. ते आधी खात असेल तर बंद करण्याचं कारण नाही.

लक्षणं ओळखताना घड्याळाकडे पाहा

खाल्ल्यापासून काही मिनिटांत, उशिरात उशिरा दोन तासांत लक्षणं आली, तर ती आयजीई (ॲलर्जीत रक्तात वाढणारं प्रतिपिंड) प्रकारची, म्हणजे झटपट येणारी ॲलर्जी. यात गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, उलटी होते, नाक वाहतं, शिंका येतात. खोकल्याची उबळ, श्वासात शिट्टीसारखा आवाज, घोगरा झालेला आवाज, मूल पांढरंफटक पडणं, अंग सैल टाकणं ही धोक्याची लक्षणं. तान्ह्या बाळाला काय होतंय ते सांगता येत नाही. ते एकाएकी चिडचिडं होतं, अंगाला बिलगतं, किंवा नेहमीची वेळ नसताना पेंगायला लागतं. अंडं खाल्ल्यानंतरची अशी झोप "दमलं असेल" म्हणून सोडून देऊ नका.

दुसरा प्रकार फारसा माहीत नाही, त्यामुळे तो पुष्कळदा निसटतो. अंडं खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्या सुरू होतात आणि थांबतच नाहीत. बाळ फिकट आणि मलूल होतं, पुढे जुलाबही होऊ शकतात. अंगावर एकही गांध नसते. याला एफपाइज म्हणतात. घरी आणि दवाखान्यातही याला अन्नविषबाधा किंवा पोटाचा संसर्ग समजलं जातं. तेच अंडं खाल्ल्यावर तसाच प्रसंग पुन्हा घडला तर बालरोगतज्ज्ञांना वेळेच्या हिशेबासकट सांगा. या प्रकारात त्वचेची चाचणी बहुधा कोरी येते, म्हणून "टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे ॲलर्जी नाही" असा अर्थ काढायचा नसतो.

तिसरी गोष्ट इसबाची. इसब असलेल्या बाळांत अंड्याची ॲलर्जी जास्त आढळते, हे खरं. पण इसब अंड्यामुळेच आहे असं धरून सगळं बंद करण्याआधी त्वचेचे उपचार नीट व्हायला हवेत: दिवसातून दोनदा भरपूर मॉइश्चरायझर, आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम सांगितलेल्या प्रमाणात. फुटलेल्या, कोरड्या त्वचेतून अन्नाचे कण आत शिरले तरी ॲलर्जी तयार होऊ शकते. ज्या घरात बाळ अजून अंडं खात नाही पण बाकीचे खातात, तिथेही हे घडतं. मलमाची भीती बाळगून त्वचा तशीच ठेवणं महागात पडतं.

अंडं किंवा टोमॅटो लागल्यावर फक्त तोंडाभोवती, जिथे अन्न लागलं तिथेच, लाली आली आणि अर्ध्या तासात गेली, तर ती निव्वळ त्वचेची चुरचुरही असू शकते. लाळ गळणाऱ्या बाळांना हे खूप होतं. भरवण्यापूर्वी तोंडाभोवती व्हॅसलीनचा पातळ थर लावून फरक पडतो का ते पाहता येतं, पण सूज, दूरवरच्या गांधी किंवा उलटी असेल तर असला प्रयोग घरी करू नका.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीची नोंद

निदानाचा सर्वांत मोठा भाग तुमच्या नोंदीत असतो, रक्ताच्या अहवालात नाही. त्याच दिवशी लिहून ठेवा: अंडं कोणत्या रूपात होतं (उकडलेलं, आमलेट, हाफ फ्राय, केक), अंदाजे किती पोटात गेलं, किती वाजता खाल्लं, पहिलं लक्षण किती वाजता दिसलं, काय औषध दिलं, किती वेळात उतरलं. बाळाला त्या दिवशी ताप होता का, हेही लिहा, कारण आजारपणात प्रतिक्रिया जोरात येते. गांधींचे फोटो काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या गायब झालेल्या असतात.

आणखी एक प्रश्न डॉक्टर विचारतीलच: यापूर्वी केक, बिस्किट, बेकरीतला बन काही त्रास न होता खाल्लाय का? खाल्लं असेल तर ही फार मोलाची माहिती आहे. असं मूल भाजलेलं अंडं सोसतं, आणि ते बंद करायचं नसतं.

तपासण्या: कोणत्या कामाच्या, कोणत्या नाहीत

त्वचेच्या चाचणीत हातावर किंवा पाठीवर अंड्याच्या अर्काचा थेंब ठेवून हलकंसं टोचतात आणि पंधरा मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह. दोन वर्षांखालच्या बाळात ती ५ मिलिमीटर, मोठ्या मुलात ७ मिलिमीटरच्या पुढे गेली तर खरी ॲलर्जी असण्याची शक्यता फार वाढते. या चाचणीआधी सेटिरिझिनसारखी ॲलर्जीवरची औषधं पाच ते सात दिवस बंद ठेवावी लागतात. हे आधी विचारून घेतलं नाही की हेलपाटा होतो. सर्दीच्या कित्येक सिरपांत अशी औषधं असतात.

रक्तातली पांढऱ्या भागाची आयजीई तपासणी औषध चालू असतानाही करता येते. आकडा जितका मोठा, तितकी ॲलर्जीची शक्यता जास्त. मात्र पुढची प्रतिक्रिया किती गंभीर असेल हे त्या आकड्यावरून कळत नाही. ओव्होम्युकॉइडची वेगळी तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत होते आणि केक चालेल का, याचा अंदाज घ्यायला ती उपयोगी पडते.

मूल काही त्रास न होता अंडं खात असेल तर "बघूया तरी" म्हणून पन्नास-शंभर पदार्थांचं ॲलर्जी पॅनल करू नका. पॉझिटिव्ह आकडा म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे, एवढंच. प्रत्यक्ष ॲलर्जी असेलच असं नाही. अशा अहवालावरून चालू असलेलं अंडं बंद केलं आणि काही महिन्यांनी पुन्हा दिलं, तर तोवर नसलेली ॲलर्जी उभी राहू शकते. आयजीजी चाचण्या, केसांची तपासणी असे प्रकार अन्नाच्या ॲलर्जीसाठी निरुपयोगी आहेत. त्यांवर पैसे घालवू नका.

शंका उरली तर शेवटचा शब्द असतो रुग्णालयात देखरेखीखाली अंडं खाऊन पाहण्याचा. अगदी कणभरापासून सुरुवात करून दर १५ ते ३० मिनिटांनी प्रमाण वाढवतात आणि शेवटच्या घासानंतर किमान दोन तास थांबवतात. ॲलर्जीतज्ज्ञ जवळ नसतील तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या बालरोग विभागात चौकशी करा.

प्रतिक्रिया आली तर

फक्त गांधी, खाज, ओठांची सूज किंवा एखादी उलटी: तोंडातलं अन्न काढा, चेहरा आणि हात साबणाने धुवा, डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेलं सेटिरिझिन द्या. पुढचे दोन तास मुलाला नजरेआड करू नका आणि झोपवून खोलीतून बाहेर जाऊ नका. फेनिरामिनसारख्या जुन्या औषधांनी गुंगी येते. मग ती औषधाची आहे की रक्तदाब उतरतोय, हे कळेनासं होतं. म्हणून नवी, कमी गुंगीची औषधं बरी. आमसुलाच्या पाण्याने खाज शमत असेल तर लावायला हरकत नाही, पण तो वेळ लक्ष ठेवण्याचा आहे, विसावण्याचा नाही.

श्वासाचा त्रास, सततचा खोकला, घोगरा आवाज, जीभ सुजणं, फिकट पडून गळून जाणं यांतलं एकही लक्षण दिसलं तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी प्रतिक्रिया आहे. अशा वेळी क्रम हा:

१. मुलाला आडवं झोपवा, पाय थोडे उंच. धाप लागत असेल तर पाय पसरून बसवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर. तान्ह्या बाळाला हातावर आडवं धरा. खांद्यावर उभं घेऊ नका, मोठ्या मुलाला चालवतही नेऊ नका. रक्तदाब उतरलेला असताना एकदम उभं करणं घातक ठरतं.

२. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जवळ असेल आणि द्यायला शिकवलेलं असेल तर लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्या.

३. १०८ ला फोन करा. "लहान मूल, अन्नाची ॲलर्जी, श्वासाचा त्रास" एवढं आधी सांगा, मग पत्ता.

४. पाच ते पंधरा मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा डोस देता येतो.

५. बरं वाटलं तरी रुग्णालयात जा आणि काही तास थांबा. काही मुलांत उतरलेली लक्षणं दोन-चार तासांनी, क्वचित त्याहूनही उशिरा, परत उसळतात.

ॲड्रेनॅलिनचा डोस किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. आपल्याकडे मिळणाऱ्या १ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे १० किलोच्या मुलाला ०.१ मिलिलिटर, १५ किलोच्याला ०.१५. घाईत पूर्ण ॲम्प्यूल भरली तर १० किलोच्या मुलाला दहापट डोस जातो, ही इथली सर्वांत मोठी चूक. परदेशात मिळणारी तयार पेनं आपल्याकडे औषधांच्या दुकानांत सहज मिळत नाहीत. त्यामुळे यापूर्वी गंभीर प्रतिक्रिया आलेल्या किंवा दमा असलेल्या मुलाच्या पालकांनी ॲम्प्यूल आणि १ मिलिलिटरची सिरिंज कशी वापरायची हे डॉक्टरांसमोर सलाइनवर सराव करून शिकावं, आणि कितव्या रेघेपर्यंत भरायचं याची ठळक खूण करून घ्यावी. इन्सुलिनची सिरिंज त्या जागी वापरू नका. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात आणि सुई स्नायूपर्यंत पोहोचायला तोकडी पडते. औषध उन्हात किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवू नका. रंग पिवळसर-तपकिरी झाला तर टाकून द्या.

एफपाइजची गोष्ट वेगळी. तिथे सलाइन आणि उलटी थांबवणारं औषध लागतं. बाळ दोन-तीन उलट्यांनंतर मलूल झालं तर घरी साखर-मिठाचं पाणी पाजत बसण्यापेक्षा थेट रुग्णालय गाठा.

वेष्टन, बेकरी, हातगाडी

भारतात राहणाऱ्या पालकांना एक मोठा आधार आहे, ज्याची परदेशातल्या पालकांना उणीव भासते. आपल्याकडे अंडं मांसाहारी धरलं जातं, त्यामुळे अंडं घातलेल्या पाकीटबंद पदार्थावर हिरवी खूण लावता येत नाही. त्यावर तपकिरी खूण येते. शिवाय एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार अंड्याचा उल्लेख ॲलर्जीकारक घटकांत वेगळा करावा लागतो. म्हणजे हिरवी खूण असेल तर घटक म्हणून अंडं नाही. पण त्याच यंत्रावर आधी अंड्याचं बिस्किट बनलं असेल तर अंश राहू शकतो, आणि तो "अंड्याचा अंश असू शकतो" अशा ओळीतूनच कळतो. कणभरानेही त्रास होणाऱ्या मुलासाठी ती ओळ पाळा. भाजलेलं अंडं सोसणाऱ्यासाठी ती पाळावी लागेल का, ते डॉक्टरांना विचारा.

दुबई, अमेरिका, युरोपात राहणाऱ्यांना घटकांची यादीच वाचावी लागते. अल्ब्युमेन, ओव्हाल्ब्युमिन, लायसोझाइम (काही चीजमध्ये, ई ११०५ या क्रमांकाने) ही सगळी अंड्याचीच नावं. नुसतं लेसिथिन लिहिलेलं असेल तर ते बहुधा सोयाचं असतं.

खरी अडचण सुट्या मालाची. इराणी बेकऱ्यांमधल्या मावा केकमध्ये अंडं असतं. बनच्या चकचकीत माथ्यावर अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो, आणि हा थर पातळ असला तरी आतल्या पावाइतका भाजला जात नाही. गोव्यातल्या बेबिंकात बलकच बलक असतात, बोलिन्यांतही अंडं असतं. दोदोलमध्ये मात्र नारळाचं दूध, गूळ आणि तांदळाचं पीठ. फ्रँकीची पोळी अंड्यात बुडवून भाजतात. खिमा कटलेट आणि पॅटिसवर अंड्याचा लेप असतो. मेयोनीज हिरव्या खुणेचं असेल तर चालेल, हॉटेलात हाताने केलेलं असेल तर त्यात कच्चं अंडं असू शकतं, आणि कच्चं अंडं सर्वांत जास्त बाधतं. नूडल्स आणि फ्राइड राइसमध्ये अंडं नको म्हटलं तरी कढई तीच असते. भुर्जीच्या गाडीवर भाजलेल्या पावाचंही तसंच.

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं नियमानुसार बंधनकारक आहे. ती मागून घ्या. छोट्या बेकरीत "एगलेस आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. "केक फेटायचं भांडं आणि ट्रे वेगळे आहेत का?" हे विचारा. उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका.

घरात बाकीच्यांनी अंडं सोडायची गरज बहुधा नसते. अंड्यासाठी एक तवा, एक उलथनं आणि एक काटा बाजूला ठेवा. फेटलेलं अंडं ओट्यावर सांडलं तर साबणाने पुसा. हातांना सॅनिटायझर लावून प्रथिन जात नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. अंडं खाल्लेल्या मोठ्या भावंडाने हात-तोंड धुतल्याशिवाय बाळाचा पापा घ्यायचा नाही, हा नियम मुलं लवकर शिकतात. आजी-आजोबांना समजावणं जास्त अवघड जातं. "एवढुश्शा तुकड्याने काय होतंय" या वाक्याला उत्तर म्हणून पहिल्या दिवशीचे फोटो दाखवा, आणि औषध कुठे ठेवलंय तेही त्याच वेळी दाखवा. त्यांना बाजूला ठेवून चालत नाही, दुपारभर मूल त्यांच्याकडेच असतं.

भाजलेल्या अंड्याची वाट

अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी साधारण ७० टक्के मुलं नीट भाजलेल्या केकमधलं अंडं खाऊ शकतात. मैद्यात मिसळून बराच वेळ भाजल्यावर अंड्याची प्रथिनं पिठाच्या जाळ्यात अडकतात आणि शरीराला कमी दिसतात. मेलबर्नमधल्या मोठ्या अभ्यासात एक वर्षाच्या वयात कच्च्या अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांची ती दोन वर्षांपर्यंत गेली, आणि भाजलेलं अंडं वरचेवर खाणाऱ्या मुलांत ती जाण्याची शक्यता जास्त दिसली.

हा प्रयोग घरी कुणी करायचा, हे आधी ठरवा. पूर्वी ॲनाफिलॅक्सिस झालेलं, दमा असलेलं, अगदी थोड्या अंशाने मोठी प्रतिक्रिया आलेलं किंवा एफपाइज असलेलं मूल असेल तर घरी अजिबात नाही, रुग्णालयातच. फक्त गांधींसारखी सौम्य लक्षणं आलेल्या मुलाला डॉक्टर घरी सुरुवात करायला परवानगी देऊ शकतात. ती तोंडी मागा आणि कागदावरही घ्या.

तपासणीसाठी वापरतात तसा मफिन असा: मैदा १३० ग्रॅम, मोठी अंडी २, साखर ८० ग्रॅम, तेल ६० मिलिलिटर, कुस्करलेलं केळं एक कप, दूध २ मोठे चमचे, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, चिमूटभर मीठ. सहा वाट्यांत सारखं ओता, म्हणजे एका मफिनमध्ये एक तृतीयांश अंडं, साधारण २ ग्रॅम प्रथिन येतं. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. मधोमध सळई खुपसून कोरडी बाहेर यायला हवी, आणि एक मफिन तोडून मध्ये ओलसर पट्टा नाही ना, ते पाहा.

बिघडतं ते इथेच. कुकरमध्ये किंवा वाळूच्या कढईत भाजलेल्या जाड केकचं पोट कच्चं राहतं. इडलीपात्रातला केक वाफवलेला असतो, भाजलेला नाही. मायक्रोवेव्हचा मगमधला केक दोन मिनिटांचा, त्यालाही भाजणं म्हणत नाहीत. पॅनकेक, फ्रेंच टोस्ट, कॅरॅमल कस्टर्ड ही सगळी वरच्या पायरीवरची रूपं आहेत. "केक चालतो ना, मग टोस्ट का नाही" असं म्हणून थेट तिकडे उडी मारू नका.

मूल पूर्ण बरं असताना, सकाळी, दवाखाना उघडा असेल अशा दिवशी वाटाण्याएवढा तुकडा द्या आणि दोन तास घरीच थांबा. पुढचे काही दिवस, डॉक्टरांनी आखून दिलेल्या वेगाने, मफिनचा सोळावा, आठवा, चौथा भाग, मग अर्धा, मग पूर्ण. पूर्ण मफिन पचायला लागला की आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा. मफिन सहज गोठवता येतात, सहाचे सहा एकदम करून फ्रीझरमध्ये ठेवा. ताप, जुलाब किंवा दम्याचा त्रास असेल तेव्हा त्या दिवसाचा तुकडा टाळा आणि बरं झाल्यावर एक पायरी खालून सुरू करा. तोंडाभोवती किंचित खाज आली तर त्याच पायरीवर थांबा. त्याहून जास्त काही झालं तर बंद करून डॉक्टरांना कळवा.

त्यापुढच्या पायऱ्या क्रमाने पॅनकेक, पूर्ण उकडलेलं अंडं (उकळी आल्यावर किमान १० मिनिटं), मग आमलेट, आणि सगळ्यात शेवटी हाफ फ्राय किंवा कच्चं अंडं असलेलं मेयोनीज. दोन पायऱ्यांमध्ये काही आठवडे ते महिने जातात. घाईचं कारणच नाही.

लसी चुकवू नका

गोवर-रुबेला आणि एमएमआर या लसी अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाला नेहमीसारख्याच द्यायच्या असतात, गंभीर ॲलर्जी असली तरी. काही लसींतला गोवराचा विषाणू कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवतात, तरी त्यात अंड्याचं प्रथिन जवळपास उरतच नाही. इन्फ्लुएंझाची लसही देता येते. खरोखर आधी तज्ज्ञांशी बोलायला हवं असं एकच ठळक उदाहरण म्हणजे पीतज्वराची लस, जी आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या काही देशांत जाताना लागते. कुत्रा चावल्यावर रेबीजची लस कोणत्याही कारणाने लांबवायची नाही. डॉक्टरांना ॲलर्जी सांगा, ते कोंबडीच्या गर्भपेशींऐवजी वेरो (माकडाच्या) पेशींवर वाढवलेली लस निवडू शकतात.

आहारातली जागा भरून काढताना

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं. अर्धी वाटी घट्ट वरण आणि वाटीभर दही मिळून तेवढी सहज भरून येतात. बी-१२ साठी दूध-दही, मासे, चिकन. आई अंडं खात असेल आणि बाळाला फक्त स्वतः खाल्ल्यावर त्रास होत असेल, तर तिने अंडं सोडण्याची बहुधा गरज नसते.

बिनअंड्याच्या केकमध्ये एका अंड्याऐवजी पाव कप दही, किंवा एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून वापरा. दह्याने केक मऊ होतो, जवसाने बिस्किटं छान बांधली जातात. दुसऱ्याच्या वाढदिवसाला जाताना अशा केकचा तुकडा तुम्हीच घरून डब्यात नेलेला बरा, मूल हिरमुसत नाही.

अंगणवाडी आणि बालवाडीत तोंडी सांगून थांबू नका. मुलाचा फोटो, काय चालतं आणि काय नाही, सौम्य लक्षणांत काय करायचं, गंभीर लक्षणांत काय करायचं, दोन फोन नंबर, एवढं एका कागदावर लिहून भिंतीला लावायला द्या. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून अंडी मिळतात. न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्यांची सोय आहे, ती सेविकाताईंकडे नाव नोंदवून मागा.

शेंगदाणे आणि पुढचं बाळ

अंड्याची ॲलर्जी किंवा तीव्र इसब असलेल्या तान्ह्या मुलांना शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा धोका जास्त असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या लीप अभ्यासात अशाच ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना शेंगदाणा लवकर सुरू करून नियमित दिल्यावर पाच वर्षांच्या वयात ती ॲलर्जी फार कमी आढळली. आपल्या घरात कूट रोजच असतो, त्यामुळे हा प्रश्न पुढे ढकलता येत नाही. डॉक्टरांशी बोलून, गरज असल्यास चाचणी करून, कुटाची पातळ पेस्ट लवकर सुरू करा. अख्खे दाणे पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात.

धाकट्या भावंडाला अंडं उशिरा देण्याने त्याचं रक्षण होत नाही. जपानमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून अगदी थोडी शिजवलेल्या अंड्याची पूड दिली आणि त्वचेवरही नेटाने उपचार केले. वर्षाच्या वयाला त्या गटात ८ टक्के मुलांना अंड्याची ॲलर्जी होती, न दिलेल्या गटात ३८ टक्के. म्हणून सहा महिने पूर्ण झाल्यावर, वरण-भात, नाचणी सुरू झाली की, अंडं खाणाऱ्या घरात १२ मिनिटं उकडलेल्या अंड्याचा पाव चमचा कुस्करून, सकाळच्या वेळी, दुसरा कोणताही नवा पदार्थ नसलेल्या दिवशी द्या. त्रास झाला नाही तर हळूहळू वाढवत आठवड्यातून दोनदा चालू ठेवा. एकदा चाखवून महिनाभर विसरू नका. बाळाला तीव्र इसब असेल तर पहिला चमचा देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.